वैशाखातील परसबाग : पान, फूल, फळ आणि पाणी

भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायातील 26 व्या श्लोकात भगवंतांनी भक्ताकडून जे मागितले आहे, ते अगदी थोडे आहे. एखादे पान, एखादे फूल, एखादे फळ आणि पाणी, एवढेच. मात्र ते मनोभावे दिलेले असावे. पावसाळ्यात व थंडीत या चारही वस्तू घराभोवती सहज मिळतात. वैशाख वणव्यात मात्र पाने करपतात, फुले दुपारपूर्वीच मान टाकतात आणि विहिरीचा दोर रोज थोडा अधिक सोडावा लागतो. म्हणून या पाठात आम्ही एका साध्या, पण टाळता न येणाऱ्या प्रश्नाचा विचार करणार आहोत : ज्या दिवसांत माणसांनाच पाणी जपून वापरावे लागते, त्या दिवसांत फुलझाडांना पाणी घालावे काय?

हा प्रश्न आपल्या उकव्यात पुस्तकी नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली; नागपूर मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. त्यामुळे आपली मराठी घरे सीमेच्या या बाजूस राहिली, तरी अंगणातील तुळस आणि मोगरा सुटला नाही. भूमिगत मॅंगनीज खाणीच्या या गावी पाळीवरून परतणाऱ्या माणसास दारातील चार हिरव्या वेलींचा किती विसावा वाटतो, हे सांगावयास नको. गोंड आणि बैगा बंधूंच्या घरामागील बाडी ही तर आपल्यापुढील जिवंत पाठशाळाच आहे.

संतपरंपरेतील उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील अरण गावच्या सावता माळ्यांचे. पंढरपूर तेथून फार लांब नाही. तथापि आपला मळा हीच पंढरी मानून ते तेथेच राबले. विठ्ठल त्यांना भाजीच्या वाफ्यात दिसला. 1295 साली अरण येथेच त्यांनी समाधी घेतली. खुरपे हाती धरणे ही त्यांच्या लेखी पूजाच होती.

पान

प्रथम तुळस. वैशाखात ती कोमेजू लागली की मंजिऱ्या खुडून टाकाव्यात; बी धरण्यात खर्च होणारी तिची शक्ती मग पानांकडे वळते. भाजीच्या पानांत तांबडा माठ आणि चवळई ही उन्हाळ्याची खरी मैत्रीण होत. पेरल्यापासून तीन-चार आठवड्यांत ती खुडावयास येतात आणि मुळासकट न उपटता वरून खुडल्यास पुन्हा फुटतात. अळू आणि पुदिना मोरीच्या पाण्याजवळ सुखाने नांदतात. जेवणाच्या वेळी परसात जाऊन दोन पाने खुडून आणणे आणि त्यांची चटणी पानात वाढणे, हे सुख बाजारच्या जुडीत नाही.

फूल

उन्हाळ्याने आपल्याला दिलेले सर्वांत मोठे दान म्हणजे मोगरा. थंडीत त्याचे पाणी तोडून पाने झडू द्यावीत, छाटणी करावी आणि नंतर खत-पाणी द्यावे. मग चैत्र-वैशाखात तो कळ्यांनी भरतो. दुपारी टपोऱ्या दिसणाऱ्या कळ्या तिन्हीसांजेनंतर उमलतात. दिवसभराच्या तलखीनंतर अंगणात बाज टाकावी आणि अंधारातून तो सुगंध यावा, यासारखी विश्रांती नाही. गुलबक्षीही दिवस कलल्यावरच डोळे उघडते. तिच्या जमिनीतील जाड मुळांत साठा असल्याने ती अल्प पाण्यावर तगते. कण्हेरही कमी पाण्यात फुलते. परंतु तिचे सर्व भाग विषारी असल्याने लहान मुले व गुरे यांपासून ती दूर लावावी.

येथे एक गंमत ध्यानी घ्यावी. आपला झेंडू मूळचा मेक्सिकोकडील आणि सदाफुली मादागास्कर बेटावरची. देवाने त्यांना परके मानले नाही. मात्र शेजाऱ्याच्या कुंपणातून पहाटे गुपचूप खुडलेले फूल तो आपले मानील, असे आम्हास वाटत नाही. स्वतः पाणी घालून वाढविलेले एक फूल हे अशा परडीभर फुलांहून अधिक मोलाचे आहे.

फळ

माघ-फाल्गुनात रात्रभर भिजवून लावलेले भेंडीचे बी सुमारे पन्नास दिवसांत फळ देऊ लागते. दर दोन-तीन दिवसांनी भेंडी तोडलीच पाहिजे. ती जून झाली की झाड नवे फळ धरण्यास आळस करते. देण्याने वाढते, हा धडा झाडच शिकवते. कारले, दोडका आणि दुधी यांना मांडव करावा म्हणजे भाजी आणि सावली दोन्ही मिळतात. दुधीची पांढरी फुले सायंकाळी उमलतात आणि रात्रीचे पतंग त्यांकडे येतात. लाल भोपळ्याची फुले पहाटे उमलतात. ज्या फुलामागे इवलासा भोपळा दिसतो ते मादीफूल. त्यावर नरफुलातील पराग सकाळी लवकर हाताने टेकविला तर फळ हमखास धरते. मुलांना हे काम द्यावे. स्वतः धरविलेला भोपळा ती रोज पाहावयास जातील.

पाणी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आमचे उत्तर असे : पहिले पाणी माणसांचे, गुरांचे आणि पाखरांचे, बागेला एकदा वापरलेले पाणी. तांदूळ-डाळ धुतलेले व भाजी धुतलेले पाणी वाफ्यांना द्यावे. आंघोळीचे पाणी केळ आणि कर्दळ यांना चालते. साबणाचे पाणी मात्र पालेभाजीवर घालू नये. भर उन्हात घातलेले पाणी बरेचसे वाफ होऊन जाते. म्हणून ते सकाळी लवकर किंवा सायंकाळी मुळांशी घालावे. बुडाशी साग-सालाच्या पाचोळ्याचा चार बोटे थर पसरावा. पाचोळा जाळणे म्हणजे झाडाची छत्री जाळणे होय.

वैशाखात शिवपिंडीवर गळती टांगतात. थेंबथेंब पाण्याचा तो अभिषेक आपण लहानपणापासून पाहतो. तीच युक्ती झाडासाठी करावी. न रंगविलेला मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरावा, भरावा, झाकण ठेवावे आणि भोवती वेलाचे बी लावावे. माती कोरडी होईल तसतसे माठातून पाणी पाझरते. चीनमधील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका शेतीग्रंथातही हीच रीत वर्णिलेली आहे.

निर्माल्यही बागेलाच परत द्यावे. दोरा काढून, जेथे कोणाचा पाय पडणार नाही अशा खड्ड्यात पाचोळ्यासह ते थर देऊन ठेवावे. काही महिन्यांत त्याचे खत होते. देवाला वाहिलेले फूल असे पुन्हा फूल होऊन देवाकडे येते आणि नदीही स्वच्छ राहते.

एवढे करूनही पाणी पुरत नसेल तर बाग लहान करावी. एक तुळस, एक मोगरा, एक वेल पुरे. शेजारचा हंडा रिकामा असेल तर आपला मोगरा सुकला तरी पूजेत उणे पडत नाही. फुलाच्या अभावी अक्षता वाहण्याची मुभा आपल्या पूजाविधीतच आहे. तहानलेल्यास दिलेला तांब्याही भगवंतांनी मागितलेल्या चौथ्या वस्तूतच मोडतो, अशी आमची श्रद्धा आहे.

घरी चर्चेसाठी

1. आपल्या घरातील किती पाणी एकदाच वापरून वाया जाते? ते कोणत्या झाडाला देता येईल?
2. या आठवड्यात परसातील कोणती भाजी आपण शेजारी दिली?
3. अक्षय्य तृतीयेला आळे करून कोणते बी लावावे, म्हणजे मृगाचा पाऊस येईपर्यंत ते वेल धरील?