प्रकाशाची टक्कर

भिगवणला रात्री सोलापूर रस्त्याच्या कडेस उभे राहिले, तर समोरासमोरून येणाऱ्या मोटारींचे झोत एकमेकांतून आरपार जाताना दिसतात. प्रकाश प्रकाशावर आदळत नाही, असा आपला नित्याचा अनुभव आहे. परंतु प्रकाशकणाची, म्हणजे फोटॉनची, ऊर्जा अतिशय वाढली, की तो क्वार्क व ग्लुऑन या सूक्ष्मतर कणांचा पुंजका असल्याप्रमाणे वागू शकतो. आणि मग टक्कर होते!

पुण्यात १९५२ साली जन्मलेल्या व हुजूरपागेत शिकलेल्या डॉ. रोहिणी गोडबोले यांनी या टकरीचे गणित मांडले. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांचे दाट झोत परस्परांवर सोडले, म्हणजे त्यांतून फोटॉन बाहेर पडतात. झोत फारच दाट केले, तर या फोटॉनांच्या आपसांतील टकरींतून इतर कणांचा इतका गलबला उडेल, की मूळ प्रयोगच झाकोळून जाईल, हे त्यांनी व मानुएल ड्रेस यांनी १९९१ साली दाखविले. हाती उपकरण नव्हते. होती ती केवळ लेखणी. अशी प्रचंड यंत्रे उभारू पाहणाऱ्यांना तेव्हापासून आपल्या आराखड्यांत हा हिशेब धरावाच लागतो.

१९९५ पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापन व संशोधन करणाऱ्या रोहिणीबाई २०२४ साली पुण्यात निवर्तल्या. त्यांचे गणित ज्यांच्या उपयोगी पडावयाचे, ती नवी यंत्रे अद्याप आराखड्यांतच आहेत.