‘ती सगळ्यांचं ऐकून घेते’ एवढ्यावर भागत नाही

निकाल लागला की पालकांचा ठरलेला प्रश्न येतो: मुलगी सगळ्यांचं ऐकून घेते, मग सहा महिन्यांचा ऑनलाइन समुपदेशन कोर्स करून तिने प्रॅक्टिस सुरू केली तर? नको. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालवायला यूजीसीनेही २०२५ मध्ये मनाई केली. बीए, एमए हा रस्ता सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर वेळ घालवत नाही.

पालकांना जास्त खुपते ती ‘वाया गेलेली वर्षं’. पण या पेशात तीच भांडवल ठरतात. कार्ल रॉजर्स शेतकीचा विद्यार्थी होता, मग इतिहासाकडे वळला, धर्मशास्त्राच्या शाळेत राहून आला आणि त्यानंतर मानसशास्त्रात शिरला. विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडणारा अल्बर्ट एलिस वाणिज्याचा पदवीधर. म्हणून नर्सिंग, शिक्षकी किंवा बँकेतली नोकरी करून तिशीत इकडे येणाऱ्यांना मी हा मार्ग आवर्जून सुचवतो. कारण समोर येणारी माणसंही वेगवेगळ्या जगातली असतात. कर्जाने खचलेला शेतकरी, रात्रपाळीतला आयटीवाला, सासरी घुसमटलेली सून यांना एकाच मापाचा उपचार चालत नाही. एकाला त्याच्या विचारांची उलटतपासणी हवी असते. दुसरीला आधी कुणी विश्वासाने ऐकून घ्यायला हवं असतं, आणि कधी सगळं कुटुंबच समोर बसवावं लागतं. यालाच एकात्मिक पद्धत म्हणतात.

यावर आक्षेप असा की ही खिचडी झाली. दम आहे त्यात. पण मानसशास्त्रज्ञ सॉल रोझेनझ्वाइगने १९३६ मध्येच मांडलं होतं की वेगवेगळ्या पद्धतींच्या यशामागे बरेच घटक समान असतात. त्यातून ‘कोणतीच पद्धत नीट शिकायला नको’ असा अर्थ काढणारे मात्र रुग्णाचं नुकसान करतात. आधी एक पद्धत अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखाली पक्की करावी, मग दुसरीकडे हात घालावा. दुसरा आक्षेप कमाईचा, आणि तो खरा आहे: सुरुवातीची वर्षं तुटपुंजीच जातात. इंजिनीअरिंग हुकलं म्हणून मुलाला इकडे ढकलणाऱ्या पालकांनी तर हा विचार आजच सोडावा. मनाविरुद्ध आलेला मुलगा समोरच्याचं मन काय सांभाळणार? ज्याला खरंच यायचंय त्याने फी भरण्यापूर्वी संस्थेला विचारावं: प्रत्यक्ष रुग्णांसोबत किती तास काम मिळेल, आणि त्यावर देखरेख कोण करेल? उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे भरू नका.