काळ्या मातीत खाणीची चुरी

काळ्या रानातल्या वाटेने पावसाळ्यात कधी सायकल नेली असेल, तर पुढचे तुम्हांला सांगावयास नको. शंभर पावलांत चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखलाचा लगदा बसतो, चाक फिरेनासे होते आणि मग आपण सायकलवर बसण्याऐवजी सायकलच आपल्या खांद्यावर बसते. हीच वाट मे महिन्यात पाहावी तर टणक, आणि तिच्यात मनगटापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा. माती तीच. बदलले ते फक्त पाणी.

डिसेंबर २०१५ मध्ये आमच्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर मराठवाड्यातील एका लहान गावी होते. गावची शाळा मुख्य रस्त्यापासून साठ मीटर आत, आणि ते साठ मीटर निव्वळ काळ्या मातीचे. जोराचा पाऊस झाला की पहिली-दुसरीची मुले घरीच राहत. गावाजवळ खडीक्रशर होता आणि त्याच्या आवारात दगडाच्या चुरीचे ढीग साचलेले होते. तेथून दोन टिपर चुरी फुकट मिळाली. आम्ही ती घमेल्यांनी वाटेवर अडीच इंच जाडीने पसरली, सत्कार स्वीकारला आणि परतलो. मी भौतिकीचा अध्यापक. पण चिखलावर दगड टाकला म्हणजे चिखल दबला, एवढाच विचार मी त्या वेळी केला होता. पुढच्या पावसाळ्यात गावातून निरोप आला की, सर, चुरी कुठे गेली ते दिसत नाही. जाऊन पाहिले तर खरेच दिसत नव्हती. ट्रॅक्टरच्या चाकांखाली चुरी खाली गेली होती आणि चिखल वर आला होता.

असे का झाले, ते समजून घेण्यासाठी आधी काळ्या मातीकडे नीट पाहू. गंमत अशी की, आपल्याकडील बरीचशी काळी माती आणि क्रशरची चुरी ही एकाच दगडाची लेकरे आहेत. दख्खनच्या पठारावर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि थंड होऊन त्यांचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट झाला. हा दगड यंत्राने फोडला की चुरी मिळते. ऊन, पाऊस आणि हवा यांनी तो हजारो वर्षे कुजवला की त्यातील खनिजेच बदलतात आणि मॉंटमोरिलोनाइट नावाचे मृत्खनिज तयार होते. पहिल्या प्रकारात फक्त आकार बदलला, दुसऱ्यात पदार्थच बदलला.

या खनिजाचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांच्या चळती. एका पापुद्र्याची जाडी साधारण एक नॅनोमीटर, म्हणजे मिलीमीटरचा दहा लाखावा भाग. पापुद्रे एकमेकांना घट्ट धरून ठेवत नाहीत. त्यांच्या फटींत सोडियम, कॅल्शियम यांचे आयन असतात आणि पाण्याचे ध्रुवीय रेणू त्या आयनांकडे ओढले जाऊन आत शिरतात. चळत फुगते. पाणी उडून गेले की पापुद्रे पुन्हा जवळ येतात आणि जमीन फाटते.

आता थोडे गणित करा. एक सें.मी. बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौ. सें.मी. असते. त्याचे एक मि.मी. बाजूचे हजार घन केले तर एकूण पृष्ठफळ ६० चौ. सें.मी. होते. मृत्तिका, म्हणजे चिकणमातीचे कण ०.००२ मि.मी. पेक्षाही लहान असतात. त्या मापाचे घन केले तर हेच पृष्ठफळ ३ चौ. मीटर भरते. आणि मॉंटमोरिलोनाइटच्या प्रत्येक पापुद्र्याच्या दोन्ही बाजू मोजल्या तर एका ग्रॅममागे ७०० ते ८०० चौ. मीटर, म्हणजे व्हॉलीबॉलची चार-पाच मैदाने ! एवढ्या मोठ्या पृष्ठभागाला पाणी चिकटले तर चिमूटभर मातीत किती पाणी मावेल याचा अंदाज करा.

हे शाळेच्या प्रयोगशाळेत सहज पाहता येते. काळी माती वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करा. दहा-दहा ग्रॅम माती १०० मि.लि.च्या दोन मोजपात्रांत घाला. एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल १०० च्या खुणेपर्यंत ओता, ढवळून हवेचे बुडबुडे जाऊ द्या आणि चोवीस तास ठेवा. (रॉकेल असल्यामुळे जवळपास स्पिरिटचा दिवा पेटवू नये; शिक्षकांनी जातीने लक्ष द्यावे.) रॉकेलचे रेणू ध्रुवीय नाहीत, म्हणून त्यात माती फुगत नाही. समजा, रॉकेलमध्ये तळाच्या मातीचे आकारमान १२ मि.लि. आणि पाण्यात २० मि.लि. भरले. फरक ८, त्याला १२ ने भागून १०० ने गुणले की ६७ टक्के. याला मुक्त फुगवटा निर्देशांक म्हणतात. आता मातीऐवजी तेवढ्याच बारीक चाळलेली क्रशरची चुरी घेऊन पाहा. दोन्ही पात्रांत जवळजवळ सारखेच आकारमान दिसेल. दगड एकच, पण चुरीला पाण्याची ओढ नाही.

रस्त्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय ? रस्त्याखालची माती किती भार पेलते हे मोजण्याची एक पद्धत अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या महामार्ग विभागात १९२०-३० च्या सुमारास निघाली. ठोकून बसवलेला मातीचा नमुना चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात आणि मग ५ सें.मी. व्यासाचा एक दट्ट्या त्यात सावकाश दाबतात. उत्तम खडीत तो २.५ मि.मी. शिरण्यास १३७० कि.ग्रॅ. भार लागतो, असे प्रमाण ठरलेले आहे. काळ्या मातीच्या बाबतीत उत्तर पुष्कळदा दोन टक्के येते. १३७० चे दोन टक्के म्हणजे सुमारे २७ कि.ग्रॅ. पाचवी-सहावीतला एखादा मुलगा लहानशा वाटीएवढ्या तबकडीवर उभा राहिला की ती मातीत रुतू लागावी, अशी ही अवस्था ! तेथे भरलेल्या ट्रॅक्टरची काय कथा ?

ओल्या मातीची ताकद जाते, कारण तिच्यातील पाणी सगळीकडून दाब सोसते, पण सरकण्याला विरोध करीत नाही. कणाला कण टेकलेला असेल तरच घर्षण निर्माण होते. चुरीचे कण ताजे फुटलेले, कोनेदार आणि खरबरीत असतात. ते एकमेकांत अडकतात. वाळूच्या नि चुरीच्या ढिगांचा उतार कोनमापकाने मोजून पाहा, म्हणजे हा फरक डोळ्यांना दिसेल.

मग आमची चुरी बुडाली का ? कारण आम्ही ती मातीवर ठेवली, मातीत घातली नाही. चुरीच्या थरातून पाणी झरझर खाली उतरले आणि मातीच्या माथ्यावर साचले. माती फुगून लोण्यासारखी झाली आणि प्रत्येक चाकाने चुरी तीत कोंबली. म्हणजे मिश्रण झालेच, पण चाकांनी, वेडेवाकडे आणि चुकीच्या वेळी केलेले.

खरी युक्ती गावचा कुंभार शतकानुशतके वापरीत आला आहे. निव्वळ चिकणमातीचे मडके वाळताना तडकते, म्हणून तो तीत राख, लीद किंवा बारीक वाळू तुडवून मिसळतो. आपण तेच रस्त्याच्या मापाने करावयाचे. एखाद्या मातीत मृत्तिकेचे कण ५५ टक्के असतील आणि तिच्यात वजनाने निम्मी चुरी मिसळली, तर मिश्रणात मृत्तिका राहिली साडेसत्तावीस टक्के. हा झाला पातळ करण्याचा भाग. पण त्याहून महत्त्वाचा भाग भूमितीचा आहे. चुरी थोडी असेल तर तिचे कण शिऱ्यातल्या बेदाण्यांसारखे सुटेसुटे राहतात. भार शिऱ्यावरच पडतो. प्रमाण वाढवीत नेले की एका टप्प्यावर कण एकमेकांना टेकू लागतात आणि भार दगडाकडून दगडाकडे जातो. माती त्यांच्यामधील पोकळीत बसते आणि तेथे थोडी फुगली तरी रस्त्याला उचलीत नाही.

मग सगळीच चुरी का घालू नये ? रव्याच्या लाडवात पाक कमी पडला की लाडू वळत नाही, तसे होते. उन्हाळ्यात नुसती चुरी चाकांखाली सुटते आणि वाऱ्याने उडते. माती येथे पाकाचे काम करते. नेमके प्रमाण मात्र मातीगणिक निराळे असते. ते प्रयोगशाळेत तपासूनच ठरवावे लागते. आम्ही घेतलेले निम्मे-निम्मे हे प्रमाण सर्वांसाठी नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चुरीमुळे मातीचा स्वभाव बदलतो असे काही जण सांगतात. तो बदलत नाही. मातीचा स्वभाव बदलतो तो कळीच्या किंवा विरलेल्या चुन्याने. त्यातील कॅल्शियमचे आयन पापुद्र्यांमधील सोडियमची जागा घेतात आणि पुढे सिमेंटसारखी संयुगेही हळूहळू तयार होतात. संगमरवराच्या भुकटीत कॅल्शियम असले तरी ते कार्बोनेटच्या रूपात, पाण्यात जवळजवळ न विरघळणारे असते, म्हणून तिच्याकडून चुन्याची करामत होण्याची अपेक्षा करू नये. बेसाल्टची चुरी तर नुसते अंग टेकायला देते. म्हणून पाणी दूर ठेवण्याची गरज चुरी घातल्यानेही संपत नाही.

डिसेंबर २०१६ मध्ये आम्ही त्याच गावी पुन्हा गेलो. या वेळी हिशेब करून. लांबी ६० मीटर, रुंदी ३ मीटर, थर १५ सें.मी. : एकूण २७ घनमीटर. दाबलेल्या मिश्रणाचा घनमीटर सुमारे १.८ टन धरला तर ४९ टन, त्याच्या निम्मी चुरी म्हणजे जेमतेम २५ टन, तीन टिपरांत बसणारी. गावातल्या ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरने आधी ढेकळे फोडली. हे काम कंटाळवाणे, पण ढेकूळ आत राहिले तर ते चुरीचा कोट घातलेले काळ्या मातीचे ढेकूळच राहते. मग पाणी किती घालावे हा प्रश्न. १९३३ मध्ये प्रॉक्टर या अमेरिकन अभियंत्याने दाखवून दिले की, ठरावीक ठोकण्याने माती जास्तीत जास्त घट्ट बसते ती एका ठरावीक ओलीलाच. कमी पाण्यात कण सरकत नाहीत आणि जास्त पाणी स्वतःच जागा अडवते. आमच्याकडे उपकरणे नव्हती. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मिश्रण मुठीत दाबले, गोळा खाली टाकला, तो तीन-चार तुकड्यांत फुटला तेव्हा म्हणाले, "हं, आता वापसा आला." पेरणीच्या आणि रोलरच्या वापशात फरक आहे, तरी त्या दिवशी ती मूठ आम्हांला पुरली. रोलर फिरवला, मधोमध उंचवटा ठेवला, दोन्ही बाजूंना चर खणले.

ती वाट पुढचे पावसाळे टिकली. अपवाद फाटकापाशी, जेथे चर बुजला होता. तेथले दोन मीटर पहिल्याच वर्षी खचले.

हाच हिशेब एका किलोमीटरला लावून पाहा. ३.७५ मीटर रुंदीला चुरी सुमारे ५०० टन लागेल, म्हणजे दहा टनी टिपरच्या पन्नास खेपा. क्रशर पाच कि.मी. वर असेल तर ठीक, पन्नास कि.मी. वर असेल तर फुकटची चुरी डिझेलमुळे महाग पडते, आणि मग जवळचा चांगला मुरूम किंवा थोडा चुनाच परवडतो. शिवाय नदीची वाळू दुर्मीळ झाल्यापासून चाळून-धुऊन हीच चुरी कृत्रिम वाळू म्हणून विकली जाते, त्यामुळे ती सर्वत्र टाकाऊ राहिलेली नाही.

आता तुमच्यासाठी काम. आपल्या भागातील काळी माती घ्या आणि वजनाने शून्य, २५, ५० व ७५ टक्के चुरी मिसळून चार नमुने करा. चुरी हाताळण्यापूर्वी ती पाण्याने ओली करा आणि नाकाला रुमाल बांधा. दगडाची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक असते. प्रत्येक नमुना पाणी घालून घट्ट चिखलाएवढा मऊ करा, १४ सें.मी. लांबीच्या सारख्याच साच्यांत तेलाचा हात लावून भरा आणि सावलीत आठवडाभर वाळू द्या. कांडी किती मि.मी. आखडली ते मोजा. नंतर दोन विटांवर ती आडवी ठेवून मध्यभागी दोऱ्याने वजने टांगा आणि किती ग्रॅमला मोडते ते लिहून ठेवा. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा. सर्वांत कमी आखडलेली कांडी आणि सर्वांत जास्त वजन पेलणारी कांडी एकच निघाली का ? नसेल, तर शाळेच्या वाटेसाठी तुम्ही कोणते प्रमाण निवडाल ?