येऊरच्या डोंगरावर एक दिवस : कुटुंबासाठी पाठ

आपल्या खेड्यांतील पुष्कळ घरांची मुलेमुली नोकरीनिमित्त ठाण्याच्या घोडबंदर रोडवर राहावयास गेली आहेत. नातवंडांच्या सुट्टीत आजी-आजोबा त्यांच्याकडे जातात, चार दिवस बाराव्या मजल्यावर बसून कंटाळतात, आणि पाचव्या दिवशी एखादा मॉल पाहून घरी परततात. त्यांपैकी एक दिवस खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरास द्यावा, एवढ्यासाठी हा पाठ आम्ही लिहीत आहो.

हा डोंगर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची पूर्वेकडील, म्हणजे ठाण्याकडील, बाजू होय. उद्यान या शब्दावरून कोणी फुलांचे ताटवे व झोपाळे मनात आणील, तर त्याची फसगत होईल. हे सुमारे 104 चौरस किलोमीटरांचे रान आहे. एका अंगास मुंबई, दुसऱ्या अंगास ठाणे, आणि मध्ये हे. ठाण्याहून बोरिवलीस जाणाऱ्या मनुष्यास घोडबंदर रोडने या साऱ्या डोंगरास वळसा घालावा लागतो. तो वळसा चुकविण्यासाठी डोंगराच्या पोटातून जोडबोगदा काढण्याचे ठरून 2024 सालच्या जुलै महिन्यात त्याचे भूमिपूजन झाले. निघण्यापूर्वी मुलांस हा रस्ता जमिनीवर खडूने काढावयास लावावे, आणि तो सरळ का नाही, असे विचारावे. वाघबीळ या थांब्याच्या नावाचा अर्थही तेव्हाच विचारावा, म्हणजे पुढील गोष्टींस मन तयार होते.

जाण्याच्या जागा दोन. एक येऊर, उपवन तलावाच्या वरच्या अंगास. दुसरी मानपाड्याजवळील वनखात्याचे निसर्ग परिचय केंद्र. दोन्ही एका दिवसात करू नयेत. पहाटे निघावे, फाटकावर नोंद करावी, आणि तेथील रक्षक ज्या वाटेस नको म्हणेल त्या वाटेस जाऊ नये.

आता पुढे कोणी चालावे? आमचे मत असे की, आजोबांनी. शहरात वाढलेल्या मुलास मोटारींची नावे पाठ असतात, परंतु ऐन कोणता व साग कोणता हे त्यास ठाऊक नसते. आजोबांस ते अक्षरओळख नसतानाही येते. या रानात साग, ऐन, कळंब, कुडा, पळस, काटेसावर ही कोकणपट्टीची ओळखीचीच झाडे आहेत. माघ-फाल्गुनात आल्यास पानगळ झालेल्या फांद्यांवर पळसाची व कौशीची केशरी फुले दिसतात. खेड्यातील ज्या ज्ञानाचा शहरात काही उपयोग नाही म्हणून म्हातारी माणसे गप्प बसतात, तेच येथे उपयोगी पडते; सुनेने व मुलाने त्या दिवशी मागे राहून ऐकावे.

कारवी अवश्य दाखवावी. हे झुडूप सात वर्षे नुसते वाढते, आठव्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी सगळ्या उतारावर एकदम जांभळे फुलते, बी धरते आणि वाळून जाते. या डोंगरात ते 2008, 2016 व 2024 साली फुलले. पुढची पाळी 2032 सालची. वाळलेल्या काठ्यांचा कुड बांधून त्यावर शेणमाती लिंपली की आदिवासी घराची भिंत होते.

ती घरेही याच डोंगरावर आहेत. पाटोणपाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा अशी येऊरच्या पाड्यांची नावे आहेत. ही माणसे उद्यानाच्या आधीची आहेत, हे मुलांस स्पष्ट सांगावे. त्यांच्या अंगणात न विचारता शिरणे, पोरांची छायाचित्रे काढणे, हे आपल्या गावी कोणी केले असते तर आपणांस कसे वाटले असते? पावसाळ्यात पाड्यातील बाई रानभाजी घेऊन बसली असेल, तर घासाघीस न करता घ्यावी, आणि ती कशी शिजवावयाची हे तिलाच विचारावे.

वारली लोक वाघोबास मानतात. तो पूजाविधी आपला नव्हे. परंतु हिंस्र जनावर शेजारी आहे हे धरून घर, गोठा व मुले सांभाळण्याची त्यांची जी रीत, ती आपण घेण्याजोगी आहे. कारण बिबट्या या रानात खरोखरच आहे. वाटेवर आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावून त्याची गणती करितात. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची नक्षी निराळी असते, म्हणून एकच जनावर दोनदा मोजले जात नाही. 2015 साली 35 व 2018 साली 47 बिबटे आढळले.

2004 सालच्या जून महिन्यात या रानाच्या कडेच्या वस्त्यांत बिबट्यांनी अनेक माणसे मारली. तेव्हा लोकांची मागणी एकच होती, की सर्व बिबटे धरून दूर न्यावे. ती मागणी स्वाभाविक होती. ज्याचे मूल गेले तो दुसरे काय मागणार? परंतु धरून दूर सोडण्याची रीत आधीपासून चालू होती, आणि दुसरीकडचे बिबटे या रानातही आणून सोडीत असत. विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागात अभ्यास केला, त्यावरून असे दिसले की, परक्या रानात सोडलेला बिबट्या बिथरतो, आपल्या मूळ जागेकडे निघतो, आणि सोडलेल्या जागेच्या आसपास माणसांवरील हल्ले वाढतात. याउलट, आपल्या रानात राहिलेला बिबट्या माणसास बहुधा टाळतो. 2011 पासून वनखाते, अभ्यासक व नागरिक मिळून वस्त्यांतून ही गोष्ट समजावू लागले.

मग तो वस्तीकडे येतो कशास? पुष्कळदा कुत्र्यासाठी. येथील बिबट्यांच्या आहारात चितळ-सांबराबरोबर भटक्या कुत्र्यांचा मोठा भाग असतो. कुत्री येतात उकिरड्याकडे, आणि उकिरडा करितो आपण. सहलीस जाऊन उरलेला पुलाव झाडाखाली ओतणारे भले लोक आम्ही पाहिले आहेत; पाखरे खातील, असे त्यांचे म्हणणे. पाखरे थोडे खातात, रात्री कुत्री बाकीचे खातात, आणि कुत्र्यामागून कोण येते ते वर सांगितलेच आहे. म्हणून डबे घरचे न्यावे व खरकटे घरी परत आणावे. बाटल्या घेऊन डोंगरावर जाणाऱ्यांविषयी येथे लिहावयाची आमची इच्छा नाही.

मुलांनी मोठ्यांच्या पुढे धावू नये व मागे रेंगाळू नये. लहान मूल, किंवा शौचास बसलेला मनुष्य, बिबट्यास उंचीवरून लहान जनावरासारखा भासू शकतो. यास्तव मुलास आडोशास एकटे पाठवू नये. बिबट्या दिसलाच, तर पळू नये, दगड मारू नये, घोळका करून त्याची वाट अडवू नये. मुलास उचलून घ्यावे, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरावे, आणि त्यास जाऊ द्यावे. वनखात्याचा 1926 हा क्रमांक विनाशुल्क आहे. दिवस मावळण्यापूर्वी डोंगर उतरलाच पाहिजे, मग आजोबांची गोष्ट अर्धी राहिली तरी चालेल.

ज्यांस आणखी एक दिवस मिळेल त्यांनी रस्त्याचा वळसा घालून बोरिवलीच्या दाराने कान्हेरीस जावे. सोमवारी मात्र ते दार बंद असते. एकाच काळ्या दगडाच्या डोंगरात शंभरांहून अधिक लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. मोठ्या चैत्यापुढे सर्वच थांबतात. मुलांस मात्र लेण्यांबाहेरील पाण्याच्या पोढ्या दाखवाव्या, आणि वरच्या खडकावर पडलेले पावसाचे पाणी त्यांत कोणत्या चरातून येते, ते त्यांचे त्यांस शोधू द्यावे.