संघर्ष आणि निर्मिती

कामगार संघटनेचे काम पगारवाढ मागण्यापुरतेच असते का? कामगार दिवसाचे आठ तास कामावर असतो. त्याच्या उरलेल्या सोळा तासांचा विचार कोणी करावा? या प्रश्नांना कृतीतून उत्तर देणाऱ्या शंकर गुहा नियोगी यांचा परिचय आपण या पाठात करून घेणार आहोत.

नियोगी यांचा जन्म १९४३ साली एका बंगाली कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव धीरेश. तरुणपणी ते छत्तीसगढमधील भिलाई येथे आले आणि तेथील पोलाद कारखान्यात कामगार म्हणून रुजू झाले. विद्यार्थिदशेतच साम्यवादी विचारांकडे वळलेल्या या तरुणाची नोकरी चळवळीमुळे गेली. पुढे खेड्यापाड्यांत राहून त्यांनी मजुरी केली, छत्तीसगढी भाषा आत्मसात केली आणि साध्या हिंदीत लेख व पुस्तिका लिहिल्या. आणीबाणीत त्यांना तुरुंगवासही घडला.

भिलाईच्या कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहरा येथील खाणींत हजारो कंत्राटी मजूर राबत असत. कायम कामगारांच्या तुलनेत त्यांना मिळणारा बोनस फारच तुटपुंजा होता. १९७७ साली या मजुरांनी स्वतःची संघटना स्थापन करून नियोगींना नेतृत्व करण्याची विनंती केली. त्याच वर्षी जूनमध्ये नियोगींना अटक झाली. त्यानंतर झालेल्या पोलीस गोळीबारात अकरा जणांचा बळी गेला. पण संघटना मोडली नाही.

मजुरी वाढली, तसा नवा प्रश्न उभा राहिला. वाढलेला पैसा दारूच्या दुकानात जाऊ लागला, तर घरातील चूल कशी पेटणार? नियोगींनी दारूबंदीची मोहीम हाती घेतली. खाणकामगार स्त्रिया तिच्या अग्रभागी होत्या. याच संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात दगावल्या, तेव्हा स्वतःचे रुग्णालय उभारण्याचा निर्धार कामगारांनी केला. वर्गणी व श्रमदान यांतून १९८३ साली ‘शहीद रुग्णालय’ सुरू झाले. गोळीबारात बळी गेलेल्यांच्या स्मृती त्या नावात जपल्या आहेत. संघर्ष निर्मितीसाठी आणि निर्मिती संघर्षासाठी, हे सूत्र असे प्रत्यक्षात उतरले.

१९९० पासून नियोगींनी भिलाईतील खासगी कारखान्यांच्या कंत्राटी कामगारांना संघटित केले. कायम नोकरी व जगण्यापुरते वेतन या त्यांच्या मागण्या होत्या. आपल्या जिवाला धोका आहे, याची जाणीव असूनही ते मागे हटले नाहीत. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतील हुडको वसाहतीत, राहत्या घरी झोपेत असताना, खिडकीतून गोळी झाडून त्यांची हत्या करण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप सुनावली. आरोपी उद्योगपती मात्र निर्दोष सुटले.

लाल-हिरव्या झेंड्यात लपेटलेला नियोगींचा देह दल्ली राजहरा येथे नेण्यात आला. लाल रंग कामगारांचा, हिरवा शेतकऱ्यांचा. ज्यांच्यासाठी ते जगले, त्यांच्यातच त्यांनी चिरविश्रांती घेतली.

विचार करा आणि लिहा
१. मजुरीवाढीनंतर दारूबंदीची मोहीम का आवश्यक ठरली?
२. ‘शहीद रुग्णालय’ या नावाची सार्थकता स्पष्ट करा.
३. तुमच्या कामाच्या ठिकाणी किंवा वस्तीत सर्वांनी मिळून काय उभारता येईल, ते आठ-दहा ओळींत लिहा.