हाडांचे वय

जर्मनीत ड्युसेल नदीच्या काठी निअँडर नावाचे खोरे आहे. इ. स. १८५६ मध्ये तेथील चुनखडीच्या खाणीतील मजूर एका गुहेतील चिखल उपसत असता त्यांना काही हाडे सापडली. ती अस्वलाची असावीत, असे प्रथम वाटले. परंतु योहान कार्ल फुलरोट या शिक्षकांनी ती निरखून पाहिली आणि ती अतिप्राचीन मानवाची आहेत, हे ओळखले. खोऱ्याच्या नावावरून या मानवास ‘निअँडरथल मानव’ म्हणू लागले.

पण ती हाडे किती जुनी? हे मोजण्याचे साधन त्या काळी नव्हते. ते १९४९ मध्ये विलार्ड लिबी या अमेरिकन शास्त्रज्ञाने उपलब्ध करून दिले. हवेत किरणोत्सर्गी कार्बनचा अल्प अंश असतो. वनस्पती तो शोषून घेतात व अन्नावाटे तो प्राण्यांच्या शरीरात जातो. प्राणी मरण पावला की ही आवक थांबते आणि साठलेला अंश दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. उरलेला अंश मोजला, की मृत्यूनंतर लोटलेला काळ कळतो. या रीतीने निअँडर खोऱ्यातील हाडे सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीची ठरली.

तथापि, एवढ्या काळात तो अंश सात वेळा निम्मा होतो. १२८ भागांपैकी जेमतेम एक भाग उरतो. त्यात अलीकडच्या पदार्थाचा कण जरी मिसळला, तरी हाडाचे वय हजारो वर्षांनी कमी भरते. बेल्जियममधील स्पी येथील गुहेतल्या हाडांच्या बाबतीत असेच घडले. तेथील एका खांद्याच्या हाडात गुरांचा डीएनए आढळला. हाड टिकावे म्हणून कोणीतरी त्यास गुरांच्या हाडांपासून केलेला सरस लावला असावा! जतनासाठी केलेल्या उपायानेच वयाचा हिशेब चुकवला.

मग संशोधकांनी हाडांतील प्रथिनाचा एकच घटक वेगळा काढून त्याचे वय मोजले. निअँडरथल मानव त्या प्रदेशातून ४४,२०० ते ४०,६०० वर्षांपूर्वीच नाहीसा झाला होता, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातून दिसून आले. आपले पूर्वज युरोपात आल्यावर हा मानव किती काळ टिकला, हे अशा आकड्यांवरच ठरते. म्हणून हाड शोधण्याइतकेच ते निर्मळ करणेही महत्त्वाचे असते.

प्रश्न
१. निअँडरथल मानवास हे नाव कशावरून मिळाले?
२. सरसामुळे हाडाचे वय कमी का भरले?