चार्जर फुकट, केबलचे काय?

‘गाडीबरोबर चार्जर फुकट आहे,’ असे शोरूममध्ये सांगतात आणि बहुतेक जण हिशेब तिथेच थांबवतात. स्वतःच्या अंगणात गाडी लावणाऱ्याला तेवढे पुरते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याचे मीटर तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये असते, गाडीची जागा इमारतीच्या मागे किंवा बेसमेंटमध्ये असते, आणि मधली भिंत, छत, रस्ता सगळे सोसायटीचे असते. पैसे जातात ते या मधल्या अंतरासाठी. म्हणून पहिले काम म्हणजे टेप घेऊन मीटरपासून आपल्या पार्किंगपर्यंत केबल ज्या वाटेने जाईल त्या वाटेने मोजणे. सरळ रेषेत मोजू नका. केबल भिंतीच्या कडेने, वळणे घेत आणि वरखाली होत जाते. डोळ्यांना वीस मीटर वाटणारे अंतर पस्तीस भरते.

दुसरा प्रश्न चार्जर किती क्षमतेचा घ्यायचा हा. इथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात. घरगुती वापरात दोन प्रकार येतात: १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालणारा सुमारे ३.३ किलोवॅटचा, आणि भिंतीवर बसवायचा ७.२ किलोवॅटचा. दुसऱ्यावर गाडी लवकर भरते हे खरे, पण गाडी रात्रभर उभीच असते. ३.३ किलोवॅटवर आठ तासांत सुमारे २६ युनिट जातात. थोडी वीज वाटेत वाया गेली असे धरले तरी छोट्या गाडीला दीडशे किलोमीटर सहज मिळतात. रोज कोथरूडहून हिंजवडीला जाऊन येणाऱ्याला तीस-चाळीस किलोमीटरच लागतात. रोज शंभराच्या वर फिरणे असेल किंवा एका जागेवर दोन गाड्या भरायच्या असतील तरच ७.२ चा विचार करा. स्कूटरला तर किलोवॅटभर वीजही लागत नाही, तिला घरातल्यासारखे चांगले सॉकेट पुरते.

क्षमता वाढली की त्यामागचे सगळेच महागते. ३.३ साठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल तीस मीटरपर्यंत छान चालते. ७.२ ला ३२ अँपिअर लागतात. त्यासाठी ६ ची केबल लागते, आणि अंतर साठ मीटर असेल तर ६ वर व्होल्टेज जवळपास पाच टक्के पडते, म्हणून १० ची घ्यावी लागते. शिवाय बहुतेक फ्लॅटचा मंजूर भार तीन ते पाच किलोवॅट असतो. घरातले एसी, गीझर आणि ७.२ चा चार्जर एका मीटरवर आले की भार वाढवून घ्यावा लागतो, आणि साधारण आठ किलोवॅटच्या पुढे थ्री फेज मीटर आलेच. ३.३ वाल्याचे अनेकदा जुन्या मीटरवर भागते, पण आपला मंजूर भार बिलावर आधी वाचून घ्या.

आता रुपये. हे अंदाज आहेत. तांब्याचा भाव चढतो-उतरतो आणि शहरागणिक मजुरी बदलते, म्हणून तीन ठिकाणची कोटेशन घ्याच. स्कूटरसाठी मीटरपासून पंधरा-वीस मीटरवर सॉकेट, एमसीबी आणि पेटी असे काम सहा ते बारा हजारांत होते. कारसाठी ३.३ किलोवॅट, अंतर तीस मीटर असेल, तर आर्मर्ड केबल सात-आठ हजार, इंडस्ट्रियल सॉकेट आणि संरक्षणाची पेटी पाच-सात हजार, पाइप व मजुरी चार-पाच हजार, स्वतंत्र अर्थिंग पाच-सहा हजार. म्हणजे एकूण एकवीस ते सव्वीस हजार. ७.२ किलोवॅट आणि साठ मीटरला मात्र केबलच तीस हजारांच्या आसपास जाते. पेटी, अर्थिंग, मजुरी आणि भारवाढीची अनामत धरली की चार्जर फुकट मिळूनही साठ हजार होतात. चार्जर विकत घ्यायचा असेल तर त्यात आणखी पंचवीस ते चाळीस हजार मिळवा.

चार्जरवर जीएसटी ५ टक्के आहे. १ ऑगस्ट २०१९ पासून तो १८ वरून खाली आला. काही जण सगळ्या बिलावर सरसकट १८ लावतात, म्हणून चार्जर आणि बसवण्याचे काम वेगवेगळ्या ओळींत लिहून मागा.

पैसे कुठे वाचवू नयेत हेही सांगतो. अर्थिंगमध्ये नाही, आणि आरसीसीबी किंवा आरसीबीओमध्ये नाही. गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअरवर पोचला की वीज तोडणारे हे उपकरण चार-सहा हजारांना येते, आणि ओल्या जमिनीवर उभे राहून गाडीला हात लावणाऱ्या मुलाचा जीव त्यावर असतो. अर्थिंग खराब असेल तर बऱ्याच गाड्या चार्जिंगच नाकारतात. लोक गाडीत बिघाड आहे म्हणून सर्व्हिस सेंटर गाठतात आणि दोष इमारतीतल्या अर्थिंगच्या जुन्या खड्ड्यात सापडतो. कारसाठी साधे घरगुती १५ अँपिअरचे सॉकेटही टाळा. थोड्या वेळाच्या वापरासाठी केलेले सॉकेट आठ तास पूर्ण भार सोसत नाही. आमच्या इमारतीत एका शेजाऱ्यांनी खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड सोडून गाडी लावली होती, तिसऱ्या आठवड्यात पिन सॉकेटला वितळून चिकटली. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट जपून ठेवा. भारवाढीला किंवा नवीन मीटरला तो लागतो, आणि विमा कंपनीही मागू शकते.

मीटर घरचेच वापरायचे की गाडीसाठी वेगळे घ्यायचे? महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १०० युनिटपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा. महिन्याला हजार किलोमीटर चालणारी छोटी गाडी दीडशे-एकशेसाठ युनिट खाते. घरचे बिल आधीच दोनशे युनिटांचे असेल तर गाडीचे काही युनिट तीनशेच्या पुढच्या टप्प्यात पडतात आणि तिथे प्रत्येक युनिट पंधरा रुपयांच्या आसपास जाते. ईव्ही चार्जिंगच्या वर्गात युनिटांचे असे टप्पे नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत बदल केला आणि गाडीसाठी वेगळी जोडणी मागण्याचा हक्क स्पष्ट झाला. त्याच दुरुस्तीत नवीन जोडणीची मुदत महानगरांत तीन दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवस ठरली. वेगळ्या मीटरला स्थिर आकार आणि अनामत पडते, त्यामुळे ज्यांचे घरचे बिल दीडशे युनिटांच्या आत आहे त्यांनी ते घेण्याची घाई करू नये. तीनशेच्या वर असलेल्यांनी जरूर घ्यावे. मुंबईत बेस्ट, टाटा आणि अदानीचे दर वेगळे आहेत, हिशेब आपल्या बिलावरूनच करा.

आता सोसायटी. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या नहालचंद लालूचंद खटल्यात स्टिल्टमधली पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटसारखी विकता येत नाही असे सांगितले. म्हणजे तुमच्या नावाने लिहिलेली जागाही सामाईक मालमत्तेतली आहे आणि तिथे भिंतीला खिळा ठोकायचा तर कमिटीची परवानगी हवी. परवानगी मागताना ‘चार्जर बसवायचा आहे, कृपया एनओसी द्यावी’ एवढे एका ओळीत लिहू नका. केबलच्या वाटेचे रेखाचित्र, भार किती, ठेकेदाराच्या परवान्याची प्रत, आणि नुकसान झाल्यास भरून देण्याचे हमीपत्र सोबत जोडा. कमिटीची भीती बहुतेक वेळा आगीची आणि ट्रान्सफॉर्मरची असते. कागद नीट असले तर ती निम्मी तिथेच मिटते.

ट्रान्सफॉर्मरची काळजी मात्र खोटी नाही. वीस जणांनी ७.२ चे चार्जर एकाच रात्री सुरू केले तर १४४ किलोवॅट होतात, ३.३ चे केले तर ६६. जुन्या इमारतीचा ट्रान्सफॉर्मर एसीच्या उन्हाळ्यातच दमलेला असतो. पहिल्या चार-पाच जणांना सहज परवानगी मिळते, शिल्लक भार तेच संपवतात, आणि सहाव्या सभासदाला ‘आता जागा नाही’ ऐकावे लागते. शिवाय भिंतीवर वेगवेगळ्या पाच केबलींची जाळी होते. आणखी एक अडचण म्हणजे जागा कमी असलेल्या सोसायट्यांत पार्किंग दरवर्षी चिठ्ठ्या टाकून बदलते. पुढच्या वर्षी तुमची तीस हजारांची केबल दुसऱ्याच्या गाडीपाशी लोंबत राहते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: तीसच्या वर फ्लॅट असलेल्या सोसायटीने वैयक्तिक परवानग्या वाटण्याआधी सर्वसाधारण सभेत एक सामाईक योजना ठरवावी. एक मोठी मुख्य केबल पार्किंगमधून फिरवायची, ठरावीक अंतरावर पेट्या, प्रत्येक सॉकेटला सबमीटर, आणि एकूण भार ठरावीक मर्यादेत ठेवणारी लोड मॅनेजमेंटची व्यवस्था. रात्री अकराला आलेल्याची गाडी दोन वाजता भरायला सुरू झाली तरी सकाळी ती तयारच असते. चाळीस गाड्यांच्या अशा योजनेला ट्रान्सफॉर्मर न बदलता साधारण चार ते आठ लाख लागतात, म्हणजे गाडीमागे दहा ते वीस हजार, आणि ते काम एकदाच होते. सभासदांकडून विजेचे पैसे घेतले तर सोसायटीला वीजविक्रीचा परवाना लागेल का, असे सभेत हमखास कोणीतरी विचारते. लागत नाही. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, असे स्पष्ट केले आहे.

काही कंपन्या ‘आम्ही मोफत बसवतो, युनिटमागे पैसे घेतो’ असे सांगत येतात. ज्यांच्याकडे भांडवल नाही अशा सोसायट्यांना ते सोयीचे आहे, पण करारात तीन गोष्टी वाचा: मुदत किती वर्षांची, दर वाढवण्याचा अधिकार कोणाला, आणि करार संपल्यावर केबल कोणाची. बाहेरच्या कंपनीच्या चार्जिंग सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो दरात धरला आहे की वरून पडणार तेही लिहून घ्या.

नवीन फ्लॅट घेत असाल तर बिल्डरच्या माहितीपत्रकातल्या ‘ईव्ही रेडी’ या दोन शब्दांवर समाधान मानू नका. केंद्राच्या आदर्श इमारत उपविधींत फेब्रुवारी २०१९ पासून वाहनतळाच्या २० टक्के जागांना चार्जिंगची सोय धरलेली आहे. ती सोय नुसत्या रिकाम्या पाइपची आहे की ट्रान्सफॉर्मरमध्ये तेवढा भार खरोखर राखून ठेवला आहे, हे लेखी विचारा.

आणि गाडीचे बुकिंग करण्याआधी मीटर रूममध्ये जाऊन या. मीटरपासून पार्किंगपर्यंतचे मीटर, बिलावरचा मंजूर भार आणि कमिटीचे लेखी उत्तर, या तीन गोष्टी हातात आल्यावरच शोरूमला पैसे द्या.